अजिंठ्याचे पाहुणे आणि अजिंठ्याचे यजमान

गेल्या हिवाळ्यात आमच्या इतिहास विभागाची सहल अजिंठ्याला गेली होती. फर्दापूरच्या फाट्यावर आमची गाडी थांबली आणि सर्वांना खाली उतरावे लागले. येथून लेणी चार किलोमीटर आत आहेत. पुढे बाहेरच्या वाहनांना बंदी असून एस.टी.च्या खास गाड्यांनीच जावे लागते. पुन्हा रांग, पुन्हा तिकीट! साहजिकच आम्हां मुलांची कुरकुर सुरू झाली. फाट्यावरच्या एका दुकानात गारगोट्या आणि स्फटिक विकणारे एक म्हातारबाबा ते ऐकत होते. ते म्हणाले, "पोरांनो, माझं दुकान आधी पार लेण्यांच्या पायथ्याशी होतं. तिथून उठवलं अन् इथं आणलं. धंदा बसला तवा लई राग आला. पण लेणी राहिली तर तुमची लेकरं येतील इथं. लेणीच गेली तर माझ्या दगडांना कोण विचारतंय?"

परतीच्या प्रवासात ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. प्राचीन वास्तू जपावी, ती पाहायला लोक यावेत आणि त्यांच्या येण्याने आसपासच्या गावांचे भले व्हावे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ही तिन्ही कामे एकत्र साधणे किती अवघड आहे, हे अजिंठ्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरे स्थळ शिकवील. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

जीर्णोद्धार आणि जतन

आपल्या समाजाला जीर्णोद्धाराची कल्पना नवी नाही. वेरूळच्या घृष्णेश्वराचेच उदाहरण घ्या. मालोजीराजे भोसले यांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला आणि पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्याने, विशेषतः अहिल्याबाईंनी, त्याला आजचे रूप दिले. देऊळ उभे राहिले की यात्रेकरू येतात. त्यांच्यामागोमाग फुलवाला, पेढेवाला, धर्मशाळा, बाजार हे सारे येते. प्रदेशाच्या विकासाचा हा आपला जुनाच मार्ग होय.

तथापि जीर्णोद्धार आणि जतन यांत मोठा फरक आहे. नांदत्या देवळाचा जुना दगड काढून नवा बसवला तरी देव तोच राहतो आणि भक्तही तोच राहतो. अजिंठ्याच्या भिंतीवरील रंग मात्र एकदा गळून पडला की तो पुन्हा रंगवता येत नाही. नवा रंग लावला तर ते चित्र आपले होईल, पाचव्या शतकातील चित्रकाराचे राहणार नाही. म्हणून येथे जे आहे ते आहे तसे धरून ठेवणे, एवढेच माणसाच्या हाती आहे.

श्वासाचा भार

हे धरून ठेवणे इतके नाजूक का, हे समजण्यासाठी चित्रे कशी काढली गेली ते पाहिले पाहिजे. लेण्यांच्या खडबडीत कातळावर प्रथम माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा दिलेला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि गिलावा सुकल्यावर त्यावर खनिज रंगांनी केलेले चित्रण, अशी ही पद्धत आहे. म्हणजे रंगाच्या नाजूक थराखाली मातीची भिंत आहे, आणि मातीचा शत्रू ओलावा हे खेड्यातल्या कोणत्याही घरधन्याला ठाऊक असते. पावसाळ्यात डोंगरातून पाणी झिरपते. भुशाच्या लोभाने कसर लागते. वटवाघळांचा उपद्रव असतो तो निराळाच. या सर्वांत भर पडते ती आपल्या श्वासाची. बंदिस्त दालनात माणसांची गर्दी झाली की त्यांच्या श्वासाने आणि घामाने हवा दमट आणि उबदार होते. म्हणजे ज्या पाहुण्याच्या पैशावर परिसराने जगायचे, तोच पाहुणा नकळत चित्रांचे आयुष्य कमी करीत असतो. फ्लॅशला बंदी, मंद प्रकाश आणि चित्रांच्या प्रमुख लेण्यांत एका वेळी थोड्याच माणसांना प्रवेश, हे नियम त्यासाठीच आहेत.

शंभर वर्षांपूर्वीचा धडा

सन १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली आणि तेव्हापासून जगाचे लक्ष त्यांच्याकडे गेले. लेणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद संस्थानाने १९१४ साली आपले पुरातत्त्व खाते काढले आणि त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी अजिंठ्याची काळजी मनावर घेतली. संस्थानाने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटू पाहणारा गिलावा कातळाला घट्ट बसवला, काजळी साफ केली आणि चित्रांवर लाखेचा हात दिला. संस्थानाची तिजोरी, इटलीची विद्या आणि स्थानिक माणसांचे कष्ट यांचा हा मेळ होता. या मंडळींनी पडणारी चित्रे वाचवली, हे त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत.

परंतु काही वर्षांनी तीच लाख पिवळी पडली, तिच्यावर धूळ चिकटली, आणि ती आकसू लागल्याने खालचा रंगही ओढला जाऊ लागला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना ही लाख अतिशय सावकाश, तसूतसू भागावरून काढावी लागली. यात दोष कोणाच्या हेतूचा नव्हता. आज उत्तम वाटणारा उपाय उद्या बाधू शकतो, म्हणून जे पुन्हा काढता येईल तेच करावे आणि केल्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या लक्ष ठेवावे, एवढे या प्रकरणातून आपण शिकलो.

अनेक हातांची योजना

१९८३ साली अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मानाबरोबर गर्दीही आली. लेण्यांच्या पायथ्याशी मोटारींचा धूर, दुकानांची दाटी आणि कचरा वाढत गेला. या परिस्थितीत १९९२ मध्ये जपानच्या सवलतीच्या कर्जातून 'अजिंठा-वेरूळ जतन व पर्यटन विकास प्रकल्प' सुरू झाला आणि २००३ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा कर्ज मिळाले. बुद्धाच्या भूमीशी जपानचा जो जुना ऋणानुबंध आहे, तो येथे असा कामी आला.

या प्रकल्पाचा विशेष हा की त्यात काम एकाच खात्याकडे नव्हते. लेण्यांची डागडुजी, पाणी अडवणे आणि चित्रांची निगा पुरातत्त्व सर्वेक्षणाने पाहावी. उजाड डोंगरांवर वनखात्याने झाडे लावावीत. रस्ते बांधकाम खात्याने करावेत. विमानतळाची सुधारणा विमानतळ प्राधिकरणाने करावी. प्रवाशांच्या सोयी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने उभाराव्यात. पाणी आणि वीज त्या त्या खात्यांनी पुरवावी, अशी वाटणी होती. यातूनच फर्दापूरच्या फाट्यावर वाहनतळ आणि दुकानांची जागा झाली, आणि लेण्यांजवळचा धूर चार किलोमीटर मागे हटला. ज्या रांगेबद्दल आम्ही कुरकुर करीत होतो, ती रांग म्हणजे चित्रांच्या आयुष्यात पडलेली भर होती!

लग्न झाले, संसाराचे काय?

तरीही सर्व काही सुरळीत झाले असे म्हणता येणार नाही. प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातून २०१३ साली अजिंठा आणि वेरूळ येथे अभ्यागत केंद्रे उघडली. अजिंठ्याच्या केंद्रात १, २, १६ आणि १७ या चित्रलेण्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या. मूळ कल्पना अतिशय शहाणपणाची होती. पाहुण्याने आधी येथे निवांतपणे चित्रे समजून घ्यावीत, जातककथा ऐकाव्यात, मग खऱ्या लेण्यात थोडाच वेळ थांबावे. त्यामुळे पाहणाऱ्याचे ज्ञान वाढेल आणि भिंतीवरचा भार कमी होईल. पण काही वर्षांतच वीज आणि पाणी यांची बिले थकली आणि या केंद्रांना टाळे लागले.

हा प्रसंग आपण नीट विचारात घेतला पाहिजे. बांधण्यासाठी कर्ज मिळाले, कंत्राटदार मिळाले, उद्घाटनाला पाहुणे मिळाले. दरमहा येणारे बिल कोणी भरावयाचे, हे मात्र पक्के ठरले नव्हते. आपल्याकडे लग्नाला साऱ्या गावाचा हात लागतो आणि संसार दोघांना करावा लागतो. येथे संसाराला दोघेही उरले नाहीत. भागीदारी म्हणजे बांधकामाच्या वेळी एकत्र येणे, एवढाच अर्थ आपण घेतला तर अशी केंद्रे पुन्हा पुन्हा बंद पडतील. खरी भागीदारी रोजच्या झाडलोटीत, छप्पर गळले तर त्याच दिवशी शिडी लावण्यात आणि बिल वेळेवर भरण्यात असते.

दुसरी उणीव गावकऱ्यांच्या वाट्याची. बहुतेक प्रवासी शंभर किलोमीटरवरून, छत्रपती संभाजीनगराहून, सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात. त्यांचा मुक्काम शहरात होतो, जेवण शहरात होते, हिमरूची शालही ते शहरात घेतात. फर्दापूर, अजिंठा आणि लेणापूर या गावांच्या पदरी चहाचे आणि गारगोट्यांचे पैसे तेवढे पडतात. अजिंठा गावात जुनी सराई आहे. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ पासून वर्षानुवर्षे राबलेल्या रॉबर्ट गिलची बारादरी आणि १८५६ साली वारलेल्या पारोची कबर याच गावात आहे. हे सारे नीट राखले, गावातील चार घरांत स्वच्छ मुक्कामाची सोय झाली आणि गावातल्या तरुणांना वाटाड्याचे रीतसर शिक्षण मिळाले, तर प्रवासी एक रात्र अधिक थांबेल. त्या एका रात्रीतच गावाचा फायदा आहे. आणि ज्या गावाची चूल लेण्यांवर पेटते, ते गाव लेण्यांना ओरखडाही पडू देणार नाही. यजमानाला घरात वाटा असल्याशिवाय तो घर राखील कसा?

लेण्यांचीच साक्ष

या सर्व विचाराला आधार हवा असेल तर तो खुद्द लेण्यांच्या भिंतींवर कोरलेला आहे. दहाव्या लेण्याचे दर्शनी काम वासिठीपुत कटहादी याने दिल्याचा लेख आहे. बाराव्या लेण्यात घनमदड नावाच्या व्यापाऱ्याचे दान नोंदलेले आहे. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरविले, तर सव्विसाव्याच्या लेखात बुद्धभद्र या भिक्षूचे नाव येते. व्यापारी, मंत्री, भिक्षू आणि ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत असे पाथरवट आणि चित्रकार, या सर्वांनी मिळून हा डोंगर कोरला आहे. अजिंठा कधीच एकट्याचा नव्हता. जे अनेकांनी मिळून घडवले ते एका खात्याच्या बळावर कसे टिकेल?

मित्रहो, यात आपलाही वाटा आहे. १८७२ पासून ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी याच अंधाऱ्या दालनांत बसून वर्षानुवर्षे चित्रांच्या नकला करीत होते. ते आपल्याच वयाचे होते. आपल्याला कदाचित तेवढे करता येणार नाही. पण आपल्या तालुक्यातील एखादी बारव, एखादी गढी, एखादा शिलालेख यांची नोंद करणे, मोजमाप घेणे, गावातील जाणत्या माणसांकडून त्याची माहिती लिहून घेणे हे इतिहास, भूगोल आणि मराठी या विभागांना मिळून सहज करता येईल. भागीदारीचा पहिला पाठ महाविद्यालयाच्या अंगणातच गिरवता येतो.

पुढच्या वर्षीची सहल कुठेही जावो; फाट्यावर उतरावे लागले तर या वेळी मी कुरकुर करणार नाही. रांगेत उभा राहीन, आणि त्या म्हातारबाबांसारख्या एखाद्या दुकानदाराकडून एक गारगोटी विकत घेईन.