पाय जाड, पाऊल मात्र सडपातळ? लठ्ठपणा नव्हे, ‘लिपेडेमा’ असू शकतो

जेवण निम्म्यावर आणले, रोज चालणे सुरू केले. चेहरा आणि कंबर उतरली, पण मांड्या-पोटऱ्या आहेत तशाच. अशा महिलेला घरी-दारी ‘खाणं कमी कर’ एवढाच सल्ला मिळतो. प्रत्यक्षात हा ‘लिपेडेमा’ म्हणजे त्वचेखालील चरबीचा आजार असू शकतो.

नेमका काय आहे हा आजार?
अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० मध्ये त्याचे वर्णन केले. तो जवळजवळ फक्त महिलांनाच होतो. वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना सुरू होतो वा वाढतो. अनेकदा आई, मावशी किंवा बहिणीलाही असतो.

कसा ओळखाल?
• दोन्ही पाय सारखेच जाड. चरबी पैंजणाच्या जागी थांबते, पावलावर उतरत नाही.
• दाबल्यावर दुखते. थोडा मार लागला तरी काळे-निळे डाग पडतात.
• जोडवी घालतात त्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत सहज येते. येत नसेल, तर लसिकावाहिन्यांच्या सुजेची शक्यता असते.

हत्तीरोग तर नाही?
परभणीला लागून असलेला नांदेड जिल्हा हत्तीरोगग्रस्त मानला जातो, त्यामुळे ही शंका स्वाभाविक आहे. हत्तीरोग डासांमुळे पसरतो. त्यात पाऊलही सुजते आणि बहुधा एका पायाला सूज जास्त असते. लिपेडेमा संसर्गजन्य नाही.

उपचार काय?
तो पूर्ण बरा करणारे औषध नाही, पण त्रास आटोक्यात राहतो. डॉक्टरांनी मापाने दिलेले दाब देणारे मोजे सकाळी उठताच घालावेत, रात्री काढावेत. चालणे, सायकल, पोहणे उपयोगी. वजन वाढले की त्रास वाढतो, म्हणून आहार सांभाळावा. उपाशी राहू नये. उपाशी राहून ही चरबी फारशी हटत नाही, अशक्तपणा मात्र येतो. त्रास फारच असेल तर लायपोसक्शन शस्त्रक्रियेचा पर्याय आहे.

कुठे दाखवाल?
लिपेडेमाचे निदान रक्ततपासणीतून होत नाही. पाय तपासूनच होते. त्यामुळे साडीआड पाय झाकून ‘सूज आहे’ एवढेच सांगू नका. परभणीच्या जिल्हा रुग्णालयात आधी थायरॉइड, हृदय, किडनी आणि शिरांचे आजार नाहीत ना, याची खात्री करून घ्या.

थांबू नका!
एकच पाय अचानक सुजून दुखू लागला किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.