आधी पिशवी उपडी करा

म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या लावून द्यायच्या तर मी आधी चटई अंथरायला सांगते आणि घरातलं सगळं औषध तिच्यावर ओतते. देव्हाऱ्यामागची पुडी, उशाखालचं पाकीट, चंचीत सुपारीशेजारी ठेवलेली गोळीसुद्धा. धाराशिव जिल्ह्यातली अशी पिशवी उपडी केली की आधी गावांची नावं बाहेर पडतात. छातीचे कागद सोलापूरचे, गुडघ्याचे बार्शीचे, शुगरच्या गोळ्या उपकेंद्रातल्या, आणि लेकाकडे पुण्याला गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी लिहिलेलं वेगळंच. प्रत्येकानं आपापल्या जागी बरोबर औषध दिलेलं असतं. घोळ होतो तो पिशवीत.

मग एकेक पाकीट हातात घ्यायचं. "मामा, ही कशाची?" "ही बीपीची. अन् ती लाल बी बीपीचीच असंल." इथं मोठ्या अक्षरातल्या नावावर भागत नाही, त्याखालचं बारीक अक्षर वाचावं लागतं. टेल्मा आणि टेल्मिकाइंड ही नावं दोन, आतलं औषध एकच, टेल्मिसार्टन. एक सोलापूरचं, एक पुण्याचं. दोन्ही रोज पोटात गेली तर बीपी नको तितकं उतरतं आणि पहाटे मोरीकडे जाताना तोल जातो. रंगावर तर विसंबूच नये. कंपनी बदलली की तीच गोळी पुढच्या महिन्यात दुसऱ्या रंगाची येऊ शकते.

बारीक अक्षर वाचायला पाकीट शाबूत हवं. मेडिकलवाला दहातल्या चार गोळ्या कात्रीनं कापून देतो आणि मुदतीची तारीख उरलेल्या सहांसोबत दुकानातच राहते. म्हणून अख्खं पाकीट घ्यावं आणि तारीख नसलेल्या टोकाकडून गोळ्या फोडत यावं. अर्धी गोळी सांगितली की जुनी माणसं अडकित्ता काढतात. मधे खाच असलेली साधी गोळी एक वेळ तोडली तर चालते. नावापुढे एसआर किंवा एक्सआर असेल तर विचारल्याशिवाय तोडू नये. ती हळूहळू विरघळावी म्हणून केलेली असते, तुकडे केले तर बरंचसं औषध एकदम अंगात उतरू शकतं.

हा तुळजाभवानीचा जिल्हा. मंगळवार देवीचा आणि नवरात्रात तर नऊ दिवस उपास. "उपास हाय, पण गोळी काय चुकवली न्हाई," असं आजी कौतुकानं सांगतात तेव्हा मी शुगरचं पाकीट उलटून पाहते. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर सहसा धोक्याइतकी उतरत नाही. सोबत ग्लिमेपिराइड असेल आणि पोट रिकामं, तर घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात उपासानं गळाल्या, आणि निजवतात. शुद्धीत असतील तर आधी साखर द्यायची असते, नसतील तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. गोळीचं काय करायचं ते घट बसण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

शेवटी तीन ढीग होतात: चालू, बंद आणि माहीत नाही. मुदत संपलेलं बंदच्या ढिगात जातं. तिसरा ढीग आपल्या मनानं बंद करायचा नाही, कारण रक्त पातळ करणारी किंवा हृदयाची काही औषधं अचानक थांबवणं घातक असतं. तो ढीग जसाच्या तसा डॉक्टरांपुढे न्यायचा. मेडिकलमधून मागून घेतलेली गुडघेदुखीची गोळीही सांगायची. बीपी आणि लघवीच्या गोळ्यांसोबत ती मूत्रपिंडाला जड जाते, त्यातही उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना.

ढीग लावायला डॉक्टरच लागतो असं नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं याच जिल्ह्यात गावातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून शिकवून तयार केलं. नीट शिकवलं तर गावातलं माणूस आरोग्याचं काम करू शकतं, हे इथं दिसलेलं आहे. सून, नातू किंवा आशाताईनं औषधाचं नाव, कशासाठी, किती वाजता, कोणी दिलं, एवढं एका कागदावर लिहावं. नाहीतर म्हातारी माणसं प्रत्येक डॉक्टरला आदरानं एकच सांगतात, "तुमच्याच गोळ्या चालू हायेत." सोलापूर, बार्शी, पुणे, तिघांनाही ते खरं वाटतं.