तुरुंगाबाहेरील शिक्षा

शिक्षा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें तुरुंगाचे गज उभे राहतात. परंतु इ. स. १८४१ मध्यें अमेरिकेंतील बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाचा जोडे करणारा एक कारागीर एका दारुड्याला जामीन राहिला. दारूस न शिवण्याची शपथ त्या मनुष्यानें पाळली. तीन आठवड्यांनीं त्याचें पालटलेलें रूप पाहून न्यायाधीशानें त्याला एक सेंट व कोर्टखर्च एवढाच दंड केला.

आपल्याकडील १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम याच तत्त्वाचा. फांशीच्या वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस तो लागू नाहीं. इतर गुन्ह्यांत, अपराध शाबीत झाल्यावरही, सद्वर्तनाचा मुचलका घेऊन फार तर तीन वर्षांच्या मुदतीनें अपराध्याला सोडतां येतें. तो एकवीस वर्षांखालील असेल, तर तुरुंगांत धाडण्याचीं कारणें न्यायालयास लेखी द्यावीं लागतात.

खरा भार परिवीक्षा अधिकाऱ्यावर. घर, सोबती, चरितार्थ यांची चौकशी करून तो अहवाल देतो. पुढें देखरेख ठेवतो, कामधंदा मिळवून देण्याची खटपट करतो. माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तराला हें काम ओळखीचें वाटतें, पण वर्गापेक्षां कितीतरी अवघड. कारण येथें बिघडविणारे सोबतीही दाराशींच असतात!

ही माफी मात्र नव्हे. अटी मोडल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावतां येते. मुदत नीट पार पडली, तर शाबितीमुळें कायद्यानें येणारी अपात्रता लागत नाहीं. तरी शाबिती पुसली जात नाहीं, आणि नोकरी देणारा ती विचारांत घेऊं शकतो.