सर्वांत कर्तबगार पेशवा कोण? घोड-भीमेच्या खोऱ्यातून एक पडताळणी

पाटस, पाबळ, घोडनदी, आलेगाव, रांजणगाव, कोरेगाव भीमा. शिरूर आणि दौंड परिसरातल्या या नावांवरून नुसती नजर फिरवली, तरी 1713 ते 1818 या काळातल्या पेशवाईचे सगळे चढउतार डोळ्यांसमोर येतात. पेशव्यांची राजधानी पुण्याला होती, पण त्यांच्या कर्तृत्वाची आणि नाकर्तेपणाची परीक्षा अनेकदा घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी झाली. म्हणूनच मराठी माणसाच्या आवडत्या वादाचा, सर्वांत कर्तबगार पेशवा कोण या वादाचा, निवाडा करायला या दोन तालुक्यांसारखी दुसरी जागा नाही.

असा वाद फक्त आपणच घालतो असे नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या थोरवीची क्रमवारी लावण्याची रीतच पडली आहे. इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी 1948 साली 55 अभ्यासकांची मते गोळा करून ‘लाइफ’ मासिकात अशी यादी छापली. पहिल्या तिघांत लिंकन, वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन रूझवेल्ट होते. 1962 साली त्यांनी पुन्हा मते घेतली, तेव्हा नुकतेच पायउतार झालेले आयझेनहॉवर 22 व्या क्रमांकावर गेले. पुढे त्यांची कागदपत्रे अभ्यासकांसाठी खुली झाली, त्यांच्या शांत कारभाराची किंमत कळली आणि 2017 च्या सी-स्पॅन वाहिनीच्या पाहणीत ते पाचवे आले. ट्रुमन लोकांच्या मनातून पार उतरून घरी गेले होते, त्यांचेही नाव आज वरच्या ओळीत असते. सी-स्पॅनच्या पाहणीत दहा कसोट्या लावतात. संकटातले नेतृत्व, आर्थिक व्यवस्था, कारभाराची हुकमत, नैतिक अधिकार आणि सर्वांना समान न्याय या त्यांतल्या काही. या कसोट्या पेशव्यांना लावून पाहण्याजोग्या आहेत.

पेशवा हा मुळात छत्रपतींचा पंतप्रधान. बाळाजी विश्वनाथांना 1713 साली शाहू महाराजांनी हे पद दिले. त्यांनी 1719 मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, येसूबाईंची सुटका करवली आणि 1720 साली सासवडला देह ठेवला. पाया त्यांनी घातला, यात शंका नाही. तिसरे पेशवे नानासाहेब. त्यांच्या काळात पुणे खऱ्या अर्थाने शहर झाले, कात्रजहून पाणी आले, पर्वतीवर देवालय उभे राहिले, मराठी घोडी 1758 साली अटकेपर्यंत पोहोचली. पण इंग्रजांची मदत घेऊन आंग्र्यांचे आरमार मोडण्याची घोडचूकही त्यांचीच आणि त्यांच्याच कारकिर्दीत 14 जानेवारी 1761 रोजी पानिपत झाले. त्यामुळे खरी चुरस राहते ती दोघांत: थोरले बाजीराव आणि थोरले माधवराव.

पाटसची वाट आणि पालखेडचा पेच

बाजीराव विसाव्या वर्षी पेशवे झाले. त्यांची युद्धकला समजून घ्यायची तर 1727-28 ची निजामावरची मोहीम पाहावी. निजामाने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष घेतला, तो पाबळ-खेडच्या बाजूने पुण्यात उतरला आणि तिथून लोणी, पाटस, सुपे, बारामती असा सरकू लागला. म्हणजे आजच्या दौंड तालुक्यातून त्याच्या तोफा खडखडत गेल्या. दुसरा कोणी असता तर पुणे वाचवायला धावत आला असता. बाजीराव आले नाहीत. ते जालन्याकडे आणि बुऱ्हाणपुराकडे निजामाचाच मुलूख जाळत गुजरातेत घुसले. आपला मुलूख वाचवण्यासाठी निजामाला पुणे प्रांत सोडून गोदावरीकडे परतावे लागले. पाठलागात वेग यावा म्हणून त्याने जड तोफखाना मागे ठेवला, आणि बाजीरावांना नेमके तेच हवे होते. फेब्रुवारी 1728 मध्ये वैजापूरजवळ पालखेडला निजामाची फौज अशा जागी कोंडली गेली की दाणावैरण नाही आणि पाणीही नाही. 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला.

या सगळ्यात एकही मोठे रण झाले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रत्येक स्वाराजवळ घोडा, भाला, तलवार आणि खोगिराशी बांधलेला थोडा शिधा. बाजारबुणगे नाहीत, कबिले नाहीत, जड तोफा नाहीत. शत्रू एक मजल मारी तेवढ्या वेळात मराठे दोन-तीन मजला मारत. पुढे 1737 साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभे राहिले, त्याच वर्षाच्या अखेरीस भोपाळला त्यांनी निजामाला पुन्हा कोंडले. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात पालखेडच्या मोहिमेची तोंडभरून वाखाणणी केली आहे. राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर यांच्यासारखी माणसे हेरून त्यांना मोठे करणे हीदेखील बाजीरावांचीच पारख.

शिरूर तालुक्यातले पाबळ बाजीरावांच्या आयुष्याशी आणखी एका नात्याने जोडलेले आहे. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे मस्तानीला इनाम होती आणि पाबळलाच तिची समाधी आहे. ज्या कर्त्या पुरुषापुढे निजाम नमला, त्याला स्वतःच्या घरातला आणि पुण्यातला विरोध मोडता आला नाही, याची साक्ष ती समाधी देते.

बाजीरावांची उणी बाजूही मोठी आहे. मोहिमांच्या खर्चाने ते कर्जात बुडाले होते. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचे दुःख जागोजाग दिसते. नवा मुलूख सरदारांच्या हाती गेला, त्यातून शिंदे, होळकर, पवार, गायकवाड यांची स्वतंत्र घराणी उभी राहिली, आणि त्यांना एका सूत्रात बांधणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. शिवाय त्यांच्या पाठीशी साताऱ्यात शाहू महाराजांसारखा शहाणा धनी होता. दरबारात प्रतिनिधींशी खटके उडाले, तरी शेवटचा शब्द छत्रपतींचा असे आणि तो बहुधा बाजीरावांच्या बाजूने पडे.

घोडनदीचा पराभव

माधवरावांच्या मागे असा धनी नव्हता. जुलै 1761 मध्ये ते सोळा वर्षांचे असताना पेशवे झाले. पानिपतावर एक पिढी कापली गेली होती, वडील खचून गेले होते, खजिना रिता होता, निजाम आणि म्हैसूरचा हैदर टपून बसले होते आणि घरात काका रघुनाथराव वाटणी मागत होते.

हा घरचा कलह घोडनदीवर उघड्यावर आला. 7 नोव्हेंबर 1762 रोजी पेशव्यांची फौज पेशव्यांच्याच फौजेशी लढली. रघुनाथरावांनी निजामाची मदत मिळवली होती आणि तिच्या मोबदल्यात दौलताबादचा किल्ला व मोठा मुलूख देऊ केला होता. लढाई माधवरावांच्या हातून निसटली. ते भीमेकाठी आलेगावला हटले, आणि 12 नोव्हेंबरला तिथेही त्यांच्या फौजेला मार बसला.

पुढे जे घडले ते माधवरावांच्या चरित्रातले सर्वांत मोठे पान आहे. त्रिंबकराव पेठे आणि गोपाळराव पटवर्धन यांच्यासारखे सरदार त्यांच्या बाजूने होते, त्यांना पळून जाऊन लढा चालू ठेवता आला असता. पण घर दुभंगले तर निजाम दोघांनाही गिळणार, हे त्या सतरा वर्षांच्या मुलाने ओळखले आणि तो आपणहून काकांच्या छावणीत गेला. अधिकार गेला, पहारे बसले. रघुनाथरावांनी सूडबुद्धीने पटवर्धनांची मिरज घेतली, तेव्हा दुखावलेले गोपाळराव निजामाला जाऊन मिळाले आणि 1763 साली निजामाने पुणे लुटले, जाळले. काकांच्या राजकारणाचे फळ सर्वांना दिसले.

त्याच वर्षी 10 ऑगस्टला राक्षसभुवनावर बाजू उलटली. निजामाची निम्मी फौज गोदावरी ओलांडून गेली होती, निम्मी दिवाण विठ्ठल सुंदर याच्यासह अलीकडे होती. मराठ्यांनी नेमका तोच क्षण साधला. लढाईच्या ऐन गर्दीत रघुनाथराव शत्रूच्या घेऱ्यात सापडले, तेव्हा ज्या पुतण्याला त्यांनी नजरकैदेत ठेवले होते तोच त्यांना सोडवायला धावला. विठ्ठल सुंदर मारला गेला, निजाम तहाला आला आणि राज्याची सूत्रे माधवरावांच्या हाती आली.

तिथून नऊ वर्षांत त्यांनी काय उभे केले ते पाहावे. हैदरवर स्वाऱ्या करून तुंगभद्रेपलीकडचा मुलूख परत मिळवला. 1768 मध्ये धोडपला रघुनाथरावांचे बंड मोडले, त्यांना शनिवारवाड्यात ठेवले, पण त्यांच्या जिवाला धक्का लावला नाही. 1769 मध्ये नागपूरकर जानोजी भोसल्यांना कनकापूरच्या तहाने वठणीवर आणले. उत्तरेत 1771 साली महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि पुढच्या वर्षी बादशहा शाहआलम मराठ्यांच्या आधाराने दिल्लीच्या तख्तावर बसला. पानिपतानंतर अवघ्या अकरा वर्षांत!

कारभारातही त्यांची जरब होती. लाचखाऊ कामगारांना शिक्षा होत, वेठबिगारीला आळा बसला, आणि न्यायासनावर रामशास्त्री प्रभुणे होते. इतिहासकार ग्रँट डफने नोंदवलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. माधवराव जपतपात गढलेले पाहून रामशास्त्र्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. ब्राह्मणाचे कर्म करायचे तर गादी सोडून तेच करावे, राज्य करायचे तर रयतेकडे पाहावे, असा त्यांचा रोख होता. माधवरावांनी राग धरला नाही, जप आवरता घेतला. आपल्याला सुनावणारा माणूस न्यायाधीशपदी ठेवणे हे ज्या राज्यकर्त्याला जमते, त्याच्या नैतिक अधिकाराबद्दल आणखी पुरावा कशाला हवा?

क्षयाने जर्जर होऊन 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरच्या चिंतामणीपाशी त्यांनी प्राण सोडला, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. शेवटच्या आजारात कारभाऱ्यांपुढे ठेवलेल्या कलमांत राज्याचे कर्ज फेडण्याची तजवीज होती. रांजणगावच्या महागणपतीचा दगडी गाभारा आणि थेऊरचा सभामंडप या त्यांच्या भक्तीच्या खुणा आजही पाहायला मिळतात.

अकाली मृत्यूमुळे माधवरावांभोवती वलय तयार झाले, असा एक आक्षेप घेतला जातो. अमेरिकेत केनेडींबद्दल हेच बोलले जाते, कारण त्यांना तीन वर्षेही मिळाली नाहीत. माधवरावांना हा आक्षेप लागू होत नाही. केनेडींनी काय केले असते याची चर्चा होते, माधवरावांनी काय केले याचे कागद आहेत. ते जाताच वर्षभरात नारायणरावांचा खून झाला आणि पुढे रघुनाथराव इंग्रजांच्या दारी गेले. हा मृत्यू मराठी राज्याला पानिपतापेक्षा कमी घातक ठरला नाही, असे ग्रँट डफचे मत आहे आणि ते पटण्यासारखे आहे.

न्यायाची कसोटी

एक कसोटी मात्र उरते आणि ती टाळून चालणार नाही. सर्वांना समान न्याय या मापाने एकही पेशवा पूर्ण उतरत नाही. अस्पृश्यांवरची बंधने माधवरावांच्या राज्यातही होती, उत्तर पेशवाईत ती अधिकच जाचक झाली. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी दुसऱ्या दिवशी कोरेगावला दुसऱ्या बाजीरावांच्या फौजेशी लढली. तिच्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. त्या लढाईच्या स्मरणार्थ उभारलेल्या जयस्तंभाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1 जानेवारी 1927 रोजी भेट दिली. पेशवाईची थोरवी गाताना भीमेकाठचा हा स्तंभही तितक्याच आदराने पाहिला पाहिजे, कारण राज्य मोठे होते की नाही हे तळच्या माणसाला विचारल्याशिवाय ठरत नाही.

आता निवाडा. सेनापती म्हणून बाजीरावांच्या जवळपास दुसरा पेशवा नाही. पण राज्यकर्ता म्हणून पहिला मान माधवरावांचा. चालते राज्य वाढवणे अवघड आहे, बुडते राज्य तारणे त्याहून अवघड आहे. आणि हरल्यावर स्वतःचा मान बाजूला ठेवून राज्य एकसंध राखणे हे तर फार थोड्यांना साधते. माधवरावांनी हे तिन्ही केले, त्यातले तिसरे वयाच्या सतराव्या वर्षी, भीमेच्या काठावर.

ज्यांना हा निवाडा मान्य नसेल त्यांनी जरूर वाद घालावा, पण कादंबऱ्या आणि चित्रपटांवर विसंबून नव्हे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघालेले ‘पेशवे दप्तरा’चे 45 खंड आणि त्यांची ‘मराठी रियासत’ वाचनालयांतून मिळते. शिरूर-दौंडच्या शाळा-महाविद्यालयांनी आपल्या मुलांना एकदा पाबळ, घोडनदी, रांजणगाव आणि कोरेगाव सलग दाखवावे, हाती ही कागदपत्रे द्यावीत आणि मग त्यांनाच विचारावे, सर्वांत कर्तबगार पेशवा कोण?