गाडी कंपनीने बोलावली, तर चालढकल करू नका



बियाण्याची पिशवी फोडण्याआधी आपण तिच्यावरचा लॉट नंबर पाहतो. लॉटच खराब असला, तर एका पिशवीचे नव्हे, साऱ्या गावाचे नुकसान होते. मोटारगाडीचेही तसेच आहे. कारखान्यात एकाच घाण्यातले सुटे भाग हजारो गाड्यांना बसतात. पुढे त्या भागात खोट सापडली, की त्या मुदतीत तयार झालेल्या गाड्या कंपनी तपासणीसाठी परत बोलावते. याला ‘रिकॉल’ म्हणतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर, सेलेरिओ आणि इग्निस या जातींच्या ९,९२५ गाड्या अशाच बोलावल्या. त्या ३ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२२ या काळात तयार झालेल्या होत्या. मागच्या ब्रेकमधली एक पिन तुटण्याचा, तिचा आवाज येण्याचा आणि पुढेमागे ब्रेक कमी पडण्याचा संभव होता. तपासणी आणि बदली भाग, दोन्ही फुकट होते.

पुष्कळ जण म्हणतात, “ब्रेक तर झकास लागतोय, मग तालुक्याला खेप कशाला?” इथेच चूक होते. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर पुरेसा वाटणारा ब्रेक, भरल्या गाडीला घाटाच्या उतारावर पुरेलच असे नाही. आणि गाडीत आपली लेकरेबाळे असतात.

दुसरी गोष्ट. कंपनीकडे पत्ता आणि फोन बहुधा पहिल्या मालकाचा असतो. गाडी जुन्या बाजारात घेतली असेल किंवा फोन नंबर बदलला असेल, तर निरोप तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. तेव्हा स्वतःच चौकशी करावी.

काय करावे?

१. आर.सी. बुकावरचा चासी नंबर वहीत उतरवून घ्या.
२. तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवर दाखवा आणि ‘या गाडीला रिकॉल आहे का?’ असे विचारा. कंपनीच्या संकेतस्थळावरही हा नंबर घालून पाहता येतो.
३. रिकॉल निघाला, तर काम होईपर्यंत भार घालून किंवा घाटातून गाडी नेऊ नका.
४. काम झाल्यावर लेखी पावती घ्या. गाडी विकताना ती नव्या मालकाला द्या.
५. रिकॉलच्या नावाखाली कुणी फोनवर पैसे किंवा ओ.टी.पी. मागितला, तर देऊ नका.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आले. सुरक्षिततेला बाधा आणणारी खोट असेल, तर सरकारही कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. ते सात वर्षांच्या आतील गाड्यांसाठी आहेत. म्हणून ब्रेकमध्ये मूळचीच खोट वाटली, तर गप्प बसू नका, तक्रार नोंदवा.

मंडळी, एक दिवस मोडला तर कामे उद्यावर जातील. ब्रेक मात्र उद्यावर टाकू नका.