दारातली मोटारसायकल पडते तेव्हा...

गेल्या आषाढातली गोष्ट. आमच्या चिपळूणचा पाऊस म्हणजे काय, ते तुम्ही ऐकून असालच. दोन दिवस नुसती झोड उठली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी जरा उघडलं, म्हणून आमची धाकटी अंगणात कागदाच्या होड्या सोडत बसली होती. मी तिला दूध प्यायला हाक मारली. ती उंबऱ्याच्या आत आली आणि बाहेर धाडकन आवाज झाला. बघते तर यांची मोटारसायकल डाव्या अंगावर आडवी! दोन मिनिटांपूर्वी पोर उकिडवी बसली होती, नेमकी तिथेच. सव्वाशे किलोचं धूड ते. मैत्रिणींनो, पुढचं लिहवत नाही.

संध्याकाळी हे आले. आरसा फुटला म्हणून हळहळले आणि म्हणाले, "माती भुसभुशीत झाली, त्याला मी काय करू? स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवत जाऊ." फरशीचा तुकडा आमच्याकडे दोन वर्षांपासून आहे. तो कधी सापडतो, कधी धुण्याच्या दगडापाशी जाऊन बसतो. घाईच्या वेळी तर कुणालाच आठवत नाही. आणि आमच्या गाडीला मेन स्टँडच नाही, सगळा भार त्या एका साइड स्टँडवर.

मी बी. ए. झालेली, अर्धवेळ मराठी शिकवणारी बाई. यंत्रातलं मला काय कळणार? पण शाळेत विज्ञानाच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. उभी गाडी म्हणजे तीन दगडांची चूल. दोन चाकं आणि स्टँडचं टोक हे तिचे तीन दगड. गाडीचं वजन या तिघांच्या मध्ये पडतंय तोवर ती उभी. स्टँड मातीत रुतला की गाडी डावीकडे जास्त कलते आणि शेवटी उलथते. रुततो का? तर त्याचं टोक अगदी लहान. लग्नात लॉनवर उंच टाचेची चप्पल रुतते आणि साधी सपाट रुतत नाही, तसंच हे!

मग मीच मोजलं. टोक साधारण दोन बाय तीन सेंटिमीटर, म्हणजे सहा चौरस सेंटिमीटर. त्याला सहा सेंटिमीटर लांबी-रुंदीची लोखंडी पट्टी लावली, तर होतात छत्तीस. तेवढंच वजन सहापट जागेवर!

रविवारी यांना घेऊन कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेले. "वहिनी, दोन मिनिटांचं काम, गाडी अशीच लावा," तो म्हणाला. तेवढ्यात शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी हटकलं, म्हणून बरं. वेल्डिंग गाडीवर करायचं नाही. एक तर वर पेट्रोलची टाकी, शिवाय नव्या गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक भाग त्याने बिघडू शकतात. आधी गाडी सपाट जमिनीवर स्टँडवर उभी करून पट्टी कशी टेकायला हवी, तो कोन खडूने खूण करून घेतला. मग स्टँड काढला. स्टँडपाशी स्विच असेल, तर त्याची वायर सांभाळायला सांगा. पुष्कळ नव्या गाड्या स्टँड खाली असताना गिअर टाकला की त्या स्विचमुळेच बंद पडतात. ती सोय मोडू देऊ नका.

पट्टी जाड घेतली की मजबूत, असं मला वाटत होतं. काकांनी तेही खोडून काढलं. जाडीने स्टँडची उंची वाढते, गाडी सरळ उभी राहते आणि मग उजवीकडे पडायला पोराचा एक धक्का पुरतो. आम्ही चार मिलिमीटरचीच लावली, कोपरे घासून गोल केले, नाहीतर पायाला लागायचे. स्टँड वर घेतल्यावर पट्टी चेनला, गिअरला लागत नाही ना आणि स्प्रिंग त्याला पूर्ण वर ओढते ना, हे दहादा करून पाहिलं. वळणावर पट्टी रस्त्याला घासली तर भलतंच व्हायचं! स्टँडचा बोल्टही झिजून ढिला झाला होता, तो बदलला. खरं तर निम्मी डुगडुग त्याचीच होती. वेल्डिंग नको असेल, तर स्क्रूने बसवायच्या तयार पट्ट्याही मिळतात. गाडी वॉरंटीत असेल, तर आधी शोरूममध्ये विचारलेलं बरं.

बाकीचं आमच्या हातात आहे. गाडी लावताना पहिला गिअर टाकून ठेवायचा. चढावर पुढचं चाक वरच्या बाजूला. भाजीच्या जड पिशव्या उभ्या गाडीच्या हँडलला लटकवायच्या नाहीत (ही खोड माझीच!) आणि स्टँडवरच्या गाडीवर मुलांना बसवायचं नाही.

हे आता मित्रांना पट्टी कौतुकाने दाखवतात. "मी करून घेतली," म्हणतात. म्हणू देत बापडे. फरशीचा तो तुकडा मी तुळशीपाशी ठेवलाय, निरांजनाला बरा पडतो.