लोखंडाचा गंज आणि वीजवाहक लेप

लाकडी नांगराची जागा लोखंडी औतांनीं घेतल्यापासून शेतकऱ्याचें बरेंचसें भांडवल लोखंडांत गुंतलेलें असतें. हें भांडवल गंज हळूहळू खातो. हा तोटा जमाखर्चांत कोठें मांडला जात नाहीं, म्हणून त्याकडे लक्ष जात नाहीं, इतकेंच.

गंज चढणें ही मुळांत विजेचीच एक क्रिया होय. ओल्या लोखंडावर एके ठिकाणीं धातु विरघळतो, आणि त्यांतून सुटलेले इलेक्ट्रॉन धातूंतूनच दुसऱ्या ठिकाणीं जाऊन पाणी व प्राणवायु यांस मिळतात. पाण्यांत क्षार असले म्हणजे ही क्रिया जलद चालते. खत पेरण्याच्या यंत्राची पेटी लवकर सडते ती यामुळेंच.

साधा रंग हा केवळ पडदा आहे. तो फाटला कीं गंज आंत शिरतो. जस्ताचा मुलामा स्वतः झिजून लोखंडास वांचवितो. परंतु जस्त संपलें कीं संरक्षणही संपतें. रसायनशास्त्रज्ञांनीं आतां तिसरा मार्ग काढला आहे.

१९७७ सालीं हीगर, मॅक्डायर्मिड व शिराकावा यांनीं विशिष्ट संस्कार केलेलें प्लास्टिक वीज वाहून नेतें, असें दाखवून दिलें. याबद्दल त्यांस २००० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पॉलिॲनिलीन हा पदार्थ याच वर्गांतला. तो ज्यापासून होतो तें ॲनिलीन १८२६ सालीं प्रथम निळीपासून काढलें गेलें, आणि त्याच्या नांवांतही आपला 'नीळ' हा शब्दच दडलेला आहे. १९८५ सालीं डेबेरी यांनीं असें सिद्ध केलें कीं, पॉलिॲनिलीनचा लेप दिलेलें स्टेनलेस पोलाद गंधकाम्लांतही दीर्घकाळ टिकतें.

याचें कारण असें कीं, हा लेप लोखंडाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, व त्या योगानें धातूवर ऑक्साइडाचा अतिशय पातळ पण घट्ट थर बसतो. हवेंतील प्राणवायूमुळें लेप पुन्हां पूर्वस्थितीवर येतो. म्हणून बारीक ओरखड्याच्या जागींही कांहीं अंशीं रक्षण होतें.

परंतु हा लेप सर्वत्र गुणकारी आहे असें समजूं नये. खारी हवा व म्युरिएट ऑफ पोटॅशसारखीं खतें यांतील क्लोराइड तो पातळ थर फोडतें. मोठा ओरखडा पडल्यास हाच वीजवाहक लेप उघड्या लोखंडाचा गंज उलट वाढवूं शकतो. यास्तव पॉलिॲनिलीन बहुधा इपॉक्सीच्या अस्तरांत थोड्या प्रमाणांत मिसळतात, व त्यावर नेहमींचा रंग देतात.

असा रंग घेणारानें तो कोणत्या धातूसाठीं आहे व वर कोणता हात द्यावयाचा, हें विक्रेत्यास आधीं विचारावें. गंज न खरवडतां दिलेला लेप, मग तो कितीही नवा असो, टिकत नाहीं. आणि हंगाम संपतांच औतें धुवून, पुसून, कोरडीं करून त्यांस तेलाचा हात द्यावा, ही जुनी रीत सोडण्याचें आम्हांस तरी कांहींच कारण दिसत नाहीं.